कब्जा कोणाचा?

दादाराव काका आदिलाबादजवळच्या इचोड्यात कॉम्प्युटर दुरुस्त करायचे, पण पेचकस कधी स्वतःच्या हातात धरायचे नाहीत. यंत्र घेऊन आलेल्या माणसालाच ते चटईवर बसवायचे, पेचकस त्याच्या हाती द्यायचे आणि आपण खुर्चीत बसून म्हणायचे, "हं, खोला." एखादा वैतागायचा. "काका, सगळं मीच करायचं तर मंग तुमी काय करता?" काका शांतपणे उत्तर द्यायचे, "मी पाह्यतो ना जी."

त्यांचे हात थरथरत म्हणून ते असं करतात, असा गावाचा समज होता. हात थरथरत होते हे खरं. पण तेवढंच कारण नव्हतं, हे मला एका शुक्रवारी दुपारी कळलं.

काका बोथच्या तहसिलीत कारकून होते. सगळी नोकरी जमिनीच्या नोंदींत गेली. कचेरीत कॉम्प्युटर आले तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. बरोबरीचे लोक बदली मागत होते. काकांनी मात्र नव्या मुलांच्या शेजारी स्टूल टाकून ते यंत्र शिकून घेतलं. निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत दुरुस्तीचं काम सुरू केलं. भाषा मात्र कचेरीचीच राहिली. बिघडलेलं यंत्र म्हणजे 'मिसल', प्रकरणाची फाइल. त्यात शिरलेला व्हायरस म्हणजे 'बिगर इजाजत घुसलेला'. आणि कोणत्याही तक्रारीवर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कब्जा कोनाचा हाये?"

मी कापसाच्या बाजारात वजनकाट्यावर नोंदी ठेवतो. मोजल्याशिवाय काही करायचं नाही, ही माझी सवय. माझी मुलगी रेणुका आदिलाबादला इमारतींच्या ड्रॉइंगचा डिप्लोमा करून घरी आली होती. हैदराबादच्या एका ऑफिसनं तिला चाचणी म्हणून एका दुमजली शाळेची इमारत कॉम्प्युटरवर उभी करायला दिली होती. मुदत शनिवारी संध्याकाळी पाचची. काम पसंत पडलं तर नोकरी. आमच्या कॉम्प्युटरवर ती इमारत फिरवायला गेलं की चित्र अडखळायचं, एक जिना पाहायला मिनिट लागायचं. मदरबोर्डवर चित्र दाखवणारं जे व्हिडिओ मुळातच असतं, त्याला हे ओझं झेपत नव्हतं. म्हणून मी वेगळं ग्राफिक्स कार्ड मागवलं. मागवण्याआधी टेपनं आतली जागा मोजली. कार्ड, पंखे, डिस्क सगळ्यांच्या वॉटची बेरीज केली. दोनशे सत्तर आली. आमचा पॉवर सप्लाय साडेचारशेचा. हिशेब चोख होता.

कार्ड गुरुवारी सकाळी आलं. रेणुका म्हणाली, "बाबा, मी बसवते." मी म्हणालो, "तू तुझं ड्रॉइंग बघ, हे मी बघतो." जुनं आणि नवं व्हिडिओ एकमेकांच्या आड येऊ नये म्हणून मी आधी सेटिंगमध्ये जाऊन जुनं बंद केलं. मग कार्ड बसवलं, स्क्रू आवळला, बटण दाबलं. पंखे फिरले, कार्डाचाही फिरला, पण पडदा काळा. पडद्याची वायर मदरबोर्डवरच्या जुन्या जागी लावून पाहिली, तिथंही काळा. तीच क्रिया मी नऊ वेळा केली. रेणुका दारात उभी राहून पाहत होती. 

शुक्रवारी दुपारी आम्ही सीपीयू चादरीत गुंडाळून स्कूटरवरून काकांकडे नेला. सगळी हकिगत मी आकड्यांसकट सांगितली. काकांनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"म्हंजे जुन्याले आधी बंद केलं, आन् मंग नव्याले बसवलं?"

"हो. भांडण नको म्हणून."

"नोटीस न देता बेदखली केली तुमी त्याची. आन् नवा मानूस तं अजून गावातच नाई आला. आता वावर कोन पाहीन?"

दोन दिवसांत पहिल्यांदा रेणुका हसली.

मी चटईवर बसून पेचकस उचलला. काका म्हणाले, "तुमी काऊन बसले?"

"मशीन माझं आहे, काका."

"कोनाच्या नावचं हाये ते नाई इचारलं. कब्जा कोनाचा हाये? रोज कोन बसते याच्यापुढं?"

"रेणुका."

"मंग तिले बसू द्या ना जी. ज्याच्या नावचा पट्टा, त्यानं बांधावर उभं राहावं."

मी उठलो. रेणुका बसली. तिनं इतक्या चटकन पेचकस घेतला की मला गुरुवारची सकाळ आठवली.

"पह्यले जुन्याले घरात घे, माय," काका तिला म्हणाले. तिनं कार्ड काढलं आणि मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी काढून ठेवली. सेटिंग विसरून यंत्र पहिल्यासारखं व्हायला पाच मिनिटं थांबायचं होतं. मी घड्याळ लावलं.

त्या पाच मिनिटांत काका आपल्या वडिलांबद्दल बोलले. शेताच्या नोंदीला आमच्याकडे पहाणी म्हणतात. जुन्या पहाणीत दोन रकाने असायचे: पट्टा कोणाच्या नावावर, आणि प्रत्यक्ष कसतो कोण. "माहा बाप एका वावरात एकोनीस वर्षं राबला," काका म्हणाले. "पहाणीत त्याच्या नावाची ओळ कोनी घातलीच नाई. एक दिवस सांगतलं, उद्यापासून येऊ नोको. बस. मी कचेरीत लागलो तवा ठरवलं, पह्यले दुसरा रकाना पाह्यचा." आवाजात राग नव्हता. जणू दुसऱ्याच कोणाची मिसल वाचत होते.

बॅटरी परत बसवली, काकांच्या पडद्याची वायर लावली, बटण दाबलं आणि चित्र आलं. मला हायसं वाटलं, पण काका लगेच म्हणाले, "तुह्यं काम पह्यले उचलून ठेव." तिनं शाळेची फाइल पेनड्राइव्हवर घेतली. मग यंत्र बंद करून कार्ड पुन्हा बसवलं.

"बसलं," ती म्हणाली.

"कशावरून?"

तिनं मोबाइलच्या उजेडात वाकून पाहिलं. एक टोक वर होतं. "कार्ड पूर्ण दाबायच्या आधीच मी स्क्रू आवळला. बाबा, तुम्हीही तसाच आवळला होता का?" होता. मी स्क्रू नेहमी घट्ट आवळतो. एका बाजूनं आवळल्यामुळे दोन्ही वेळा दुसरी बाजू दोनेक मिलिमीटर उचलली गेली होती. वॉट मोजले, लांबी मोजली, एवढं मोजायचं राहिलं. तिनं स्क्रू सैल करून कार्ड दाबलं, खट् असा आवाज आला, आणि मग स्क्रू लावला.

यंत्र सुरू झालं. सेटिंगमध्ये जुनं चालू ठेवून पहिला मान नव्या कार्डाला दिला, त्याच्यासोबतचं सॉफ्टवेअर टाकलं. यादीत त्याचं नाव दिसलं. रेणुकानं शाळा उघडली, फिरवली. शाळा तशीच अडखळली.

सव्वातीन वाजले होते. अर्धा जिना आणि छप्पर अजून बाकी होतं. तिनं पुन्हा फिरवून पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले. मी उभा होतो तिथून मला कारण दिसत होतं. सवयीनं तिनं पडद्याची वायर वरच्या, जुन्याच जागी लावली होती. कार्डाची जागा खाली रिकामी होती. मी तोंड उघडलं. माझ्याकडे न बघता काकांनी हाताचा पंजा वर केला. तो थरथरत होता, पण खाली आला नाही.

"काका, यादीत नाव तर नव्याचंच दिसून राह्यलं," रेणुका म्हणाली.

"नाव दिसनच, माय. पट्टा झाला त्याच्या नावावर. तू दुसरा रकाना पाह्य."

ती यादी पुन्हा पुन्हा वाचत राहिली. किती वेळ, ते मी मोजलं नाही. मग ती एकदम यंत्रामागं वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "अगंबाई! जुन्याचाच कब्जा!" वायर काढून तिनं खाली लावली. क्षणभर पडदा काळा झाला आणि उजळला. शाळा फिरली. वऱ्हांडा, खिडक्या, अर्धवट जिना, सगळं हाताखालून सरकल्यासारखं फिरलं.

"सरे," काका म्हणाले. काम पार पडलं की 'ठीक आहे' या अर्थी ते तेलुगूत एवढंच बोलायचे.

मी विचारलं, "आता जुनं बंद करून टाकायचं ना?"

"काऊन? तो काय मांगून राह्यला तुमाले? राहू द्या त्याले घरात. उद्या नवा बिमार पडला तं दार उघडाले कोनी पाह्यजे."

निघताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "वसंतराव, तुमी सांगतलं असतं तं वायर दोन मिन्टं आधी लागली असती. पन मंग हैदराबादले तिच्यासंगं तुमाले जा लागलं असतं."

रेणुकानं शनिवारी चार वाजून वीस मिनिटांनी काम पाठवलं. मंगळवारी होकार आला. पुढच्या महिन्यात ती हैदराबादला गेली.

काकांना नंतर हाताबरोबर चालणंही जड जाऊ लागलं. त्यांचा मुलगा मंचेरियलला असतो. तो त्यांना घेऊन गेला. अधूनमधून फोनवर बोलणं व्हायचं. मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी काट्यावर असताना काकांच्याच नंबरवरून फोन आला. मी वजन चालू असताना फोन घेत नाही. त्या दिवशी घेतला. आवाज मुलाचा होता. बाबा पहाटे गेले, म्हणाला. त्यांच्या फोनमध्ये जेवढी नावं आहेत, तेवढ्यांना तो कळवत होता.

"माफ करा, मी तुम्हाला ओळखत नाही," तो म्हणाला. "बाबांनी तुमचं नाव लिहिलेलं नाही. इथं नुसतं 'रेणुकाचे वडील' असं आहे. तुम्हीच ना?"

माझी आणि काकांची ओळख अकरा वर्षांची. रेणुकाशी त्यांची ओळख त्या एका दुपारची.

"हो," मी म्हणालो. "मीच तो."