मदिनाने साफ केलेले डोळे

वेल्डिंगच्या गल्लीत कुणाच्या डोळ्यात कचरा गेला की तो डॉक्टरकडे नाही, मदिनाकडे यायचा. कचरा म्हणजे ग्राइंडरवरून उडालेला लोखंडाचा कण. ती माणसाला उजेडाकडे तोंड करून ओट्यावर बसवायची, आगकाडीवर पापणी उलटी करायची आणि ओढणीचं ओलं टोक एकदाच फिरवायची. निम्म्या नंदुरबारचे डोळे आपण साफ केले, असं ती सांगे. निम्म्याचं सोडा, पण गल्लीतला एकही सुटला नव्हता. कामाचा चष्मा कुणी लावत नसे. मदिना होती ना.

मंगळवारी तिच्या वेल्डर नवऱ्याचा, दाऊदचा, उजवा हात एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि पाव तासात सगळं पुन्हा जागेवर आलं. डॉक्टर म्हणाले, पुढचा झटका मोठा असू शकतो. मेंदूच्या आणि मानेच्या रक्तवाहिन्या आजच एमआरआयमध्ये बघा, आता त्या सुई न टोचताही दिसतात. तेव्हापासून मदिनाच्या जिवाला थारा नव्हता. एमआरआय सेंटरच्या बाकावर ती बसेना. दाराआडून यंत्राची ठकठक आली की ती उठून दाराशी जायची.

यंत्र चालवणारा पवन कागद घेऊन आला. "चाचा, आंगमा कुठे लोखंड शे का? सळई, छर्रा, डोयामा कण?"

दाऊदने बायकोकडे पाहिलं.

"काहीच नही," मदिनाने ठणकावलं. "बठ्ठं, एकूनेक कण, मी काढेल शे. लवकर आत लई जा भाऊ."

पवनने दाऊदचे भाजलेले, डागाळलेले हात पाहिले आणि तो अडून बसला. आत मोठं चुंबक आहे, डोळ्यात कण राहिला असेल तर तो ओढला जाईल, डोळा जाईल. आधी डोळ्यांचा एक्स-रे. दाऊदने पुन्हा बायकोकडे पाहिलं. मदिना मात्र भडकली. इथे जिवावर बेतलंय आणि हा तिच्या हाताची परीक्षा घेतोय! एक्स-रे होईस्तोवर तिने व्हरांड्यात इतक्या येरझाऱ्या घातल्या की रखवालदाराने खुर्ची आणून दिली. तिने त्या खुर्चीवर पिशवी ठेवली.

एक्स-रेत डाव्या डोळ्याच्या जागी ठिपका होता. तिळाहून लहान, पांढराशुभ्र.

एमआरआय रद्द झाला. पवननेच डॉक्टरांना फोन लावला आणि तासाभरात, शिरेत औषध टोचून, सीटी झाला. मानेतली रक्तवाहिनी अरुंद झालेली दिसली. वेळेत सापडलं, म्हणत डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि डोळ्यासाठी दुसरी चिठ्ठी दिली.

रिक्षात मदिनाने विचारलं, "टोचे नही का तुम्हले?"

"हां, टोचे. दोन वरीसथीन." दाऊद बाहेर बघत म्हणाला. "पन तू सांगं, कण निंघी गया. मंग गल्लीसमोर तुले कसं सांगू?"

मदिनाला रडू आलं, संतापही आला. तिचा शब्द खाली पडू नये म्हणून हा माणूस मुकाट त्या चुंबकात जाऊन निजणार होता.