भांडणातून शिकलेलं इंग्रजी

वैजयंती मॅडमना आठवीचा वर्ग टिकवायचा होता, बाकी काही नको होतं. शनवारा चौकाजवळच्या आमच्या शाळेत त्या नागरिकशास्त्र शिकवतात. मी हिंदी शिकवते, म्हणून माझ्या मानेवर सुरी आली नाही. गेल्या वर्षी संस्थेला इंग्रजी माध्यमाचं खूळ लागलं आणि इंदूरहून अमृता मॅडम प्राचार्य म्हणून आल्या. त्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगून टाकलं, होळीनंतर हिंदीवाले सोडून प्रत्येकानं संस्थेच्या कमिटीसमोर इंग्रजीतून एक तास घेऊन दाखवायचा. जमलं तर वर्ग तुमचा, नाही जमलं तर जूनपासून घरी.

पन्नाशी उलटलेल्या बाईनं आता कुठं जाऊन इंग्रजी शिकायचं? गावात क्लास आहेत, पण तिथं शिकवणारे त्यांचेच जुने विद्यार्थी. त्यांच्यापुढे बाकावर बसणं मॅडमच्या जिवावर आलं. राहता राहिला घरचा टीव्ही. त्यांचे यजमान भाईदासभाऊ रिटायर झाल्यापासून त्याच्यासमोरच असतात आणि राजकारणावरची वादावादी बघतात.

मॅडमनी त्यातूनच वाट काढली. संध्याकाळी आधी हिंदी चॅनलवरची चर्चा बघायची आणि मग त्याच विषयावरची इंग्रजी. भांडण तेच, माणसंही बरीचशी तीच, त्यामुळे कोण काय म्हणणार ते आधीच ठाऊक असायचं. खाली पट्टीवर स्पेलिंगही मिळायचं. पोळ्या लाटता लाटता त्या शब्द पुटपुटायच्या. भाईदासभाऊ वैतागायचे, "अवं, घरात भांडणं कमी व्हती का, आता इंग्लिशमधलंबी आणलं?"

"बघू द्या हो," त्या म्हणायच्या. "फुकटात मास्तर मिळालाय."

स्टाफरूममध्ये रोज एक नवा शब्द यायचा. ॲलिगेशन, कंडेम, रेझिग्नेशन. "सुमन, 'बेसलेस' कळलं बघ मला," एकदा त्या चहा पिता पिता मला म्हणाल्या. "ज्याच्यावर आरोप होतो ना, तो हेच म्हणतो." शिपाई गोटूभाऊनं चहा उशिरा आणला की "धिस इज शेमफुल!" आम्ही हसायचो. हसत होतो, पण त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला दिसत होती. दिवसभर वर्ग, संध्याकाळी कानाशी ती आरडाओरड. मला तर पाच मिनिटांत डोकं उठतं. शिकायला दुसरं काही मिळू नये या बाईला, याचा मला संतापच यायचा.

त्यांची आठवी म्हणजे बोलकी आठवी. त्यात जवळच्या बहादरपूर गावची मनीषा सगळ्यांत बोलकी. सकाळी सायकल लावली की थेट मॅडमच्या टेबलापाशी. "मॅडम, काल ना आमच्या केळीत डुकरं घुसली, पप्पा पूरी रात जागे व्हते." मॅडम वह्या तपासत ऐकायच्या, मधेच विचारायच्या, "मग, सापडली का गं?" आतापर्यंत कित्येक पोरी अशाच त्यांच्या टेबलाला चिकटून मोठ्या झाल्या.

कमिटीचा दिवस आला. आम्हा जुन्या शिक्षकांनाही मागे बसवलं होतं. पाठ होता संसदेचा. मॅडमनी अर्धा वर्ग सत्ताधारी केला, अर्धा विरोधक, आणि स्वतः मधे उभ्या राहिल्या. काय सांगू, इंग्रजी धो धो वाहत होतं! अपोझिशन, मेजॉरिटी, पॉइंट ऑफ ऑर्डर. कमिटीतले धर्मेंद्रशेठ मान डोलवायला लागले. माझा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी मनीषाला उभं केलं. ती मंत्री होती. प्रश्न इंग्रजीतून, तिला उत्तर सुचेना.

"व्हाय आर यू सायलेंट?" मॅडम म्हणाल्या. बोट तिच्यावर रोखलेलं. "आन्सर! डोन्ट रन अवे! द होल हाउस इज वेटिंग!"

इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. शब्द शिकताना त्यांनी तो आवाजही शिकला होता, आणि ते त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. मनीषा हुंदके देऊन रडायला लागली.

मॅडम एकदम थांबल्या. दोन पावलं पुढे झाल्या, हात उचलला, "अगं मनी..." एवढंच तोंडातून निघालं. मागून अमृता मॅडमचा आवाज आला, "इंग्लिश प्लीज."

मॅडमच्या चेहऱ्याकडे मी बघत होते. त्या शोधत होत्या. दोष कसा द्यायचा, राजीनामा कसा मागायचा, माफी मागायला कसं लावायचं, सगळं येत होतं. रडणाऱ्या पोरीला जवळ कसं घ्यायचं, हे त्या पडद्यावर कधी कुणी दाखवलंच नव्हतं. हात तसाच खाली आला.

"वी विल टेक अ शॉर्ट ब्रेक," त्या म्हणाल्या.

कमिटी खो खो हसली. धर्मेंद्रशेठनी टाळ्या वाजवल्या. "क्या बात है! एकदम टीव्हीसारखं!" मॅडम पास झाल्या. मनीषा बाकावर डोकं टेकून रडतच होती.

नंतर त्या नळाशी तोंड धूत होत्या. मी म्हटलं, "सुटलात बाई एकदाच्या." त्यांनी बराच वेळ पदरानं तोंड पुसलं. "सुमन, मी तिला जवळ नाही घेतलं गं," त्या म्हणाल्या. "आठवी जाईल म्हणून नाही घेतलं."

त्यांच्या घरी आता टीव्ही भाईदासभाऊ एकटेच बघतात. मॅडमचा वर्ग आता नववीत गेलाय, आणि नववीही त्यांच्याकडेच आलीय. सकाळी त्या वह्या उघडून टेबलाशी बसतात, पूर्वीपेक्षाही थोड्या लवकरच येतात. मनीषा सायकल लावते, "गुड मॉर्निंग, मॅम" म्हणते आणि सरळ आपल्या बाकावर जाऊन बसते.