मी स्कूटर चालवत नव्हते

मी गाडी चालवायला शिकले ती निवृत्तीनंतर. तोपर्यंत गाडी हा माझ्या यजमानांचा प्रांत होता; शेजारी बसून पाण्याची बाटली आणि पार्किंगची पावती सांभाळणे एवढेच माझे काम. पुढे काचबिंदूने त्यांची नजर दोन्ही बाजूंनी आक्रसत गेली आणि डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली. त्यांचे बोलणे कमी होत गेले. ते घराबाहेर पडेनासे झाले. रिक्षात बसवले, तर येणारा खड्डा दिसत नसल्यामुळे दांडी धरून घामाघूम होत. शेवटी मी कॉलेजातल्या मुलामुलींबरोबर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातले.

परवाना मिळाल्यापासून रोज संध्याकाळी मी त्यांना अंधेरीहून वर्सोव्याच्या खाडीपर्यंत नेऊ लागले. वाटेत त्यांच्या सूचना चालूच असत. "अगं, दाब जरा! मागचा शिव्या घालतोय बघ." मला त्या सूचनांचा त्रास होई आणि आनंदही. माणूस पुन्हा बोलू लागला होता.

अशातच एका सकाळी मोबाइलवर संदेश आला, की माझा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला आहे. कारण: हेल्मेट न घालता, फोनवर बोलत दुचाकी चालवणे. ठिकाण घाटकोपर.

"तू घाटकोपरला स्कूटर उडवतेस, आणि मला पत्ता नाही?" असे म्हणून हे पोटभर हसले. संध्याकाळी मात्र सवयीने बूट घालून दाराशी उभे राहिले, आणि लक्षात आल्यावर बूट काढून बसले.

मी अर्ज लिहिला. आयुष्य महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेल्यामुळे अर्ज कसा असावा याच्या माझ्या काही कल्पना होत्या. 'माझ्या हातून अनवधानाने काही प्रमाद घडला असल्यास उदार अंतःकरणाने क्षमा व्हावी. तथापि सदर प्रसंगाचे मला स्मरण नाही,' हे वाक्य मला विशेष साधले आहे असे वाटले. परिवहन कार्यालयाच्या फाटकावर एका एजंटाने हटकले, "मावशी, कशाला उन्हात उभ्या राहता? द्या इकडे, मी करून देतो." त्याला नम्रपणे नकार देऊन मी रांगेत उभी राहिले आणि अर्ज खिडकीवर दिला.

काही दिवसांनी चौकशीला गेले, तर कारकून म्हणाला, "मॅडम, नामंजूर झालाय. तुम्ही कबूल केलंय ना."

"मी?"

"हे काय, क्षमा मागितलीय. वर म्हणताय आठवत नाही." तो शेजाऱ्याकडे वळला. "फोनवर बोलत होत्या, आठवणार कसं!"

दोघे हसले. त्यांच्याबरोबर मीही हसले आणि परत आले.

घरी सांगितल्यावर हे चिडले. "अगं, नाही केलं तर नाही केलं म्हण ना सरळ! क्षमा कसली मागतेस?"

"असं एकदम लिहिणं बरं दिसत नाही हो."

"मग बस घरात. आपण दोघंही बसू."

ते टोचून बोलले असते, तर मी सोसले असते. पण त्यांनी ते थकलेल्या आवाजात, जणू ठरूनच गेल्यासारखे म्हटले होते.

दुसऱ्याच दिवशी मी अधिकाऱ्यांना भेटायचे आहे असे सांगून त्यांच्या दालनाबाहेर थांबले. आत बोलावल्यावर मी टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"मी स्कूटर चालवत नव्हते," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला, की बाहेरच्या बाकावरची माणसे डोकावू लागली.

"सगळे हेच म्हणतात, मॅडम."

एरवी मी इथेच नमस्कार करून निघाले असते. "मला स्कूटर येत नाही. माझा परवाना फक्त मोटारीचा आहे. त्या माणसाचा फोटो असेल तर आपण तो पाहा. तोवर मी बसते." आणि कोणी न सांगता मी समोरची खुर्ची ओढली.

त्यांनी संगणकावर शोधले, पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मॉनिटर माझ्या बाजूला वळवला. स्कूटरवर भरघोस मिशांचा एक गृहस्थ बसला होता, कानाला फोन. दंड लावताना कोणीतरी त्याच्या परवान्याऐवजी माझ्या परवान्याचा क्रमांक टाकला होता.

"मिशी तुमची नाही, एवढं मान्य," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी कारकुनाला हाक मारली. "आधी का नाही रे बघितलंस?"

"साहेब, मॅडमनी माफी मागितली होती ना!"

निलंबन रद्द झाल्याचा संदेश आला त्या संध्याकाळी हे माझ्याआधी खाली उतरले, दार चाचपडत आत बसले आणि पट्टा लावून तयार झाले. मी किल्ली फिरवली. गाडीने नुसते टक् केले. उभी राहून राहून बॅटरी उतरली होती. मेकॅनिकला फोन केला, तर तो मरोळला अडकला होता. यायला वेळ लागणार होता.

"चला, वर जाऊन थांबू," मी म्हणाले.

"कशाला? येईल ना तो." त्यांनी पट्टा काढला नाही. "तू बस तुझ्या जागेवर. आणि आज लांब, खाडीपलीकडच्या मढपर्यंत जाऊ. गल्लीतून बाहेर पडताना ते वळण आहे ना, तिथे तू नेहमी उशिरा ब्रेक मारतेस. ऐक आता."

मी दार लावून घेतले आणि स्टीअरिंगवर हात ठेवून ऐकू लागले.