व्याह्यांचा किल्ला

मुंजाबा आमच्या कारखान्याचं गोदाम सांभाळतात आणि मुकुंदवाडीत आमच्याच गल्लीत राहतात. वडील मेंढरं राखायचे, त्यामुळे कळप कसा हलतो हे त्यांना लहानपणीच कळलं. धाकटा जावई हनुमानने कॉम्प्युटरवर लढाईचा खेळ घालून दिला तेव्हा ही विद्या कामी आली. आळीपाळीने चाल करायची आणि समोरच्याचा किल्ला घ्यायचा. मुंजाबा चार घोडेस्वार पुढे सोडत. कॉम्प्युटरची सगळी फौज त्यांच्यामागे धावत सुटे आणि मुंजाबा रिकाम्या किल्ल्यात शिरत. सर्वांत अवघड पातळीवरही हेच.

"याच्यापेक्षा मेंढरू हुशार," असं ते गल्लीभर सांगत.

यंदा हुरड्याच्या दिवसांत धाकटी लेक शीला माहेरी आली. थोरली प्रेरणाही दोन वर्षांनंतर त्याच रविवारी यायची होती, पण शुक्रवारीच शीलाचे सासरे अजिनाथ लासूर स्टेशनहून सुनेला न्यायला हजर. त्यांच्याकडे हुरड्याला पाहुणे येणार होते. मुंजाबांच्या बायकोने, म्हाळसाबाईंनी विनवलं, शीलाने डोळ्यांत पाणी आणलं. अजिनाथ ऐकेनात.

"पाव्हणं, एक डाव होऊ द्या," मुंजाबा म्हणाले. "मी जिंकलो तर पोरगी आठ दिवस राहील."

"आन् मी जिंकलो तर?"

"आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

हनुमानने आपल्या वडिलांनाही तोच खेळ शिकवला होता. अजिनाथांनी खुर्ची ओढली.

मुंजाबांनी घोडेस्वार सोडले. अजिनाथांनी किल्ल्यातला एक शिपाईही हलवला नाही, फक्त बुरुजावरच्या तोफेने एक घोडेस्वार टिपला.

"या की भायेर!"

"कशाला? हितं सावली हाय. तुमी फिरा उन्हात." तोफेने दुसरा टिपला.

"बाबा, करा ना कायतरी," शीला कुजबुजली.

मुंजाबांनी पडद्यावरची नजर व्याह्यांकडे वळवली. "एक सांगू? लग्नात पहिला फेटा कडुबाला बांधला ना, ते चुकून नव्हतं."

कडुबा हा अजिनाथांचा चुलतभाऊ. नवरदेवाच्या बापाच्या आधी त्याला फेटा बांधला म्हणून अजिनाथ मांडवात जेवायला बसेनात. मुंजाबांनी हात जोडून माफी मागितली होती.

"म्हंजे?"

"लई रुबाबदार माणूस. मला वाटलं, नवरदेवाचा बाप त्योच."

अजिनाथांचे कान लाल झाले. पुढच्या चालीला हत्ती, तोफा, पायदळ, सगळं किल्ल्याबाहेर पडून उरलेल्या दोन घोडेस्वारांच्या मागे लागलं. मुंजाबांची एक तुकडी मागून निवांत आत शिरली.

अजिनाथ खुर्चीतून उठले. मग सदरा काढून खुंटीला अडकवला.

"शब्द म्हंजे शब्द. सून राहील. मी बी राहतो. फिट्टंफाट झाल्याबिगर हलणार नाय." त्यांनी घरी फोन लावून हुरडा पुढे ढकलला.

रविवारी प्रेरणा आली. आत बहिणींचं हसणं थांबत नव्हतं आणि बाहेर डाव थांबत नव्हते. व्याही म्हटल्यावर रोज गोडधोड आलंच. म्हाळसाबाई पोळपाट-लाटणं टाकून बाहेर आल्या आणि नवऱ्याच्या कानाशी लागल्या.

"त्या मशिनीला हरवत व्हता तवा ती जेवायला तरी थांबत नव्हती. आता हरा एकदाचं!"

"हरायलाच बसलोय गं," मुंजाबा हळूच म्हणाले. "पर ह्ये रागात समदी फौज भायेर काढत्यात, आन् रिकामा किल्ला दिसला की माझा हात ऱ्हात नाय."