दोह्याचे पावणेदोन तास

दोह्यातल्या एका दवाखान्यात मला नर्सचं काम मिळालं आणि आईने माझ्याशी बोलणं टाकलं. तिचं जग अर्जुनी मोरगावच्या बस स्टँडपासून सुरू व्हायचं. गोंदिया दोन तास, म्हणजे लांब. नागपूर म्हणजे फारच लांब. पोरीने एकटीने समुद्रापलीकडे जाणं तिला झेपत नव्हतं. तिने नाहीच म्हटलं असतं तर मी गेले नसते, तेवढी धमक माझ्यात नव्हती.

बाबांचा जन्म बसच्या कंडक्टरकीत गेला. त्यांनी मला मोबाईलवर विमानाची माहिती उघडायला लावली, चष्मा चढवला आणि मोबाईल आईसमोर धरून वाचलं, "नागपूर सुटते साडेचारले. दोहा पोचते सव्वासहाले. पावणेदोन तास! गोंदियाच्या गाडीले याहून जास्त लागते. कायले रडून राहिली?"

पोचायची वेळ तिथल्या घड्याळाची होती आणि ते घड्याळ आपल्या अडीच तास मागे. खरा प्रवास सव्वाचार तासांचा. बसच्या वेळापत्रकाला एकच घड्याळ असतं, बाबा तिथेच फसले, असं मला वाटलं. मी बोलणार होते, पण आईचा चेहरा सैल झालेला दिसला आणि तोंड मिटलं. स्वार्थीच होते मी, दुसरं काय!

"पावणेदोनच तास ना? मंग जा," आई म्हणाली.

वर्षभराने सुट्टीचं तिकीट काढलं आणि फोनवर वेळा सांगितल्या. आईने लगेच विचारलं, "जातानी पावणेदोन तास अन् येतानी पावणेसात? काऊन?"

मागून बाबांचा आवाज आला, "परतीच्या गाडीले थांबे जास्त रायतेत."

मी हसत सुटले. मग एकदम आठवलं. त्या दिवशी बाबांचा अंगठा मोबाईलच्या खालच्या कडेवर घट्ट दाबलेला होता. तिथे अंतर होतं, अठ्ठावीसशे किलोमीटर, आणि शेजारीच प्रवासाचा खरा वेळ. आज मी माझ्या पायांवर उभी आहे ती त्या अंगठ्यामुळे.

घरी आल्यावर तांदूळ निवडणाऱ्या आईजवळ मी कबूल केलं, "आई, तो पावणेदोन तासांचा हिशेब खोटा होता. मला ठाऊक होतं."

"मलेही समजलं, तू गेली त्याच दिवशी. पावणेदोन तास झाले, तीन झाले, तुहा फोन नाही. मी येरझारा घालून राहिली अन् तुहा बाप निवांत बसून. सव्वाचार तास झाले तवा उठला. म्हणे, आता लाव फोन."

"मग परवा फोनवर काऊन विचारलंस?"

"त्याची मजा घेऊन राहिली होती."

"रागावली नाहीस त्यांच्यावर?"

आईने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"तीस वर्षं त्या माणसानं कोणाले चुकीचं तिकीट नाही फाडलं," ती म्हणाली. "एक फाडलं, ते तुह्यासाठी."