मायनं फोन बंद केला

माझा धाकटा भाऊ फौजेत रडारवर आहे. मागच्या सुट्टीत तो आला तेव्हा मायनं वांगी निवडता निवडता विचारलं, "तुले तिकडं भेव कायचं राह्यते?" त्यानं खरं सांगून टाकलं, गाढव कुठला! म्हणाला, "एक ड्रोन राह्यते माय. चालवणारा कोणी नाई. तासनतास वरच घिरट्या घालते. आमचं रडार चालू झालं का त्याच्या लहरी धरून सरळ खाली येते अन् फुटते."

"मंग तुमी काय करता?"

"बंद करतो अन् चूप बसतो. बंद असलं का त्याले दिसत नाई."

मायच्या डोक्यात तेवढंच पक्कं बसलं.

मग सरहद्दीवर तणातणी सुरू झाली आणि त्याचा फोन लागेनासा झाला. आमचा भाजीचा मळा शेलूबाजारजवळ, हायवेला लागून. तिथून मी दिवसातून वीस वेळा फोन लावायचो आणि माय प्रत्येक वेळी अंगावर यायची. "लावू नको! तिकडं वाजला का ते येईन." फोन वेगळा, रडार वेगळं, हे समजावून मी थकलो. "सारं हवेतूनच जाते ना?" ती म्हणायची. मी चिडून पुन्हा नंबर लावायचो.

चौथ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यानं उन्हाळी मुगावर फवारणीसाठी भाड्याचं ड्रोन आणलं. ते घरघरत आमच्या बांधावरून वळायला आणि माझा फोन वाजायला एकच गाठ पडली. अनोळखी नंबर होता. "दादा..." एवढंच ऐकू आलं. तेवढ्यात मायनं टमाट्याची टोपली टाकली, धावत येऊन फोन हिसकावला आणि बटण दाबून पार बंदच करून टाकला. मग विहिरीवरची मोटरही बंद केली.

"काहून बंद केला? त्याचाच होता व माय!"

आयुष्यात तिच्यावर एवढा ओरडलो नव्हतो. ती बांधावर मटकन बसली. ड्रोनवाल्या पोरानं आमच्याकडं पाहून मजेत हात हलवला.

मी फोन चालू करून तो नंबर लावला, तर लागेना. दुपारभर लागला नाही. मी घाबरलो होतो, सरळ सांगतो. पण तिच्याकडं पाहिलं की मघाच्या ओरडण्याची लाज वाटायची. भाकरीला तिनं हातसुद्धा लावला नाही.

दिवेलागणीला फोन पुन्हा वाजला. मी तो तिच्या कानाला लावला.

"माय, मी बरा आहो."

चार दिवस या आवाजासाठी तिचा जीव तुटत होता. "आयकलं," ती म्हणाली. "ठेव आता. लय बोलू नको." आणि तिनंच फोन कापला.