सुमनचा गप बसायचा गेम

बायांनो, आज हसून हसून पोट दुखतंय माझं. कुळीथ सुपात तसंच पडलंय, पण आधी तुम्हाला सांगते.

माझी नात प्राची पुण्याहून मनाचं आजारपण घेऊन घरी आली होती. दार लावून पडून असायची. आता बरी हाय, मोबाईलवरचा गेम बनवते. त्यात एक पोरगी कडी लावून खोलीत बसलीय. आपण दाराबाहेर नुसतं गप बसायचं. मोबाईल सगळं ऐकतो. आपण बोललो की आतनं आणखी एक कडी लागते.

आज शेजारची सुमन आली. "आण गो इकडं, पोरखेळ तो!"

मोबाईल घेतला नि सुरू. "अगो ऊठ, आंघोळ कर." कडी! "लिंबू उतरवा हिच्यावरनं." कडी! "पोलादपूरच्या भगताकडं न्या." आणखी कडी! तोंड मिटलं तर सुमनला धाप लागते. मी पदर तोंडात कोंबून हसत होते.

शेवटी चिडली. "असली पोर जगून तरी काय करणार?"

प्राची हळूच म्हणाली, "सुमनआजी, तेव्हा माझ्या दाराबाहेर पण तुम्ही हेच बोलला होतात. मी आतनं ऐकलं होतं."

सुमनचं तोंड उघडंच राहिलं, पण आवाज नाय. आम्ही तिघी तशाच बसलो. मोबाईलमधल्या कड्या एकेक करून निघाल्या नि दार उघडलं.

"जिंकलीस गो सुमे!" मी म्हटलं. ती चहा न पिताच गेली. मला काय वाईट वाटलं नाय.

तुमच्या घरी कोण दार लावून बसलं, तर बाहेर गप बसणारं कोण हाय? सुमन सोडून सांगा.